दिवाळे आणि पुनरुभारणी : लहान धंद्यांसाठी नादारीचा कायदा कसा असावा?

मराठीत 'त्याचे दिवाळे निघाले' असे आपण म्हणतो. कानडीतही 'दिवाळि' हा शब्द याच अर्थाने रूढ आहे. या शब्दाचा संबंध दिव्याशी जोडला जातो. पूर्वी एखाद्या व्यापाऱ्यास देणे फेडणे अशक्य झाले म्हणजे तो भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी व निघून जाई, आणि तो दिवा पाहून घेणेकरी काय ते समजत, असे सांगतात. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही. परंतु दिवाळ्याविषयीची आपली समजूत तीत नेमकी उतरली आहे. दिवा लागला की धंदा संपला आणि माणूस गावातून उठला. तो धंदा वाचवता आला असता काय, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारीत नसे.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न विचारावयाचा आहे. आपल्या जोयडा तालुक्यातील धंदा म्हणजे बहुधा एका कुटुंबाचा धंदा. किराणा दुकान, पिठाची गिरणी, गॅरेज, सुतारकामाची शेड, टेम्पो, अलीकडच्या काळात होमस्टे, ही त्याची रूपे. अशा धंद्यावर कर्जाचे ओझे झाले तर कायदा त्यास कोणता आधार देतो, आणि कोणता द्यावयास हवा, हे आपण क्रमाने पाहू.

विक्रीची वाट आणि उभारणीची वाट

प्रथम एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे आणि आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत. समजा, गणेशगुडीच्या बाजूस एका कुटुंबाचे होमस्टे आहे. बँकेचे ५ लाख, किराणा व इतर उधारीचे १ लाख, आणि भिशी व हातउसने मिळून २ लाख, असे त्यांना एकूण ८ लाख रुपये देणे आहे. लागोपाठ दोन हंगाम वाया गेले आणि हप्ते थकले. आता सर्व घेणेकरी एकदम दारात आले तर विकावयास काय आहे? खाटा, गाद्या, तंबू, मोठी भांडी, एखादा जनरेटर. जुन्या सामानाचे फार तर २ लाख येतील. म्हणजे घेणेकऱ्यांच्या पदरात रुपयास २५ पैसे पडले. तेही सर्वांना सारखे नव्हेत. जो आधी पोहोचला त्याला मिळाले, मागून आलेला रिकाम्या हाती परतला.

याच्या उलट, धंदा चालू ठेवला आणि घरखर्च व मजुरी वजा जाता महिन्यास १२,००० रुपये शिल्लक पडू लागले, असे धरू. चार वर्षांत ५,७६,००० रुपये होतात, म्हणजे रुपयास ७२ पैसे. उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो हे खरे. म्हणून दरसाल १२ टक्के दराने वजावट करून पाहिले तरी या रकमेचे आजचे मोल सुमारे ४,५५,००० रुपये भरते, म्हणजे रुपयास जवळजवळ ५७ पैसे. विक्रीच्या वाटेने मिळणाऱ्या पैशांच्या दुपटीहून ते अधिक आहे. शिवाय कुटुंबाची भाकरी टिकली, मजुरांचे काम टिकले आणि दुकानदाराचे गिऱ्हाईक टिकले, हा लाभ वेगळाच.

अर्थात प्रत्येक धंदा वाचविण्याजोगा नसतो. ज्याचा रोजचा खर्चच रोजच्या उत्पन्नाहून अधिक आहे, तो धंदा बंद करणे हेच शहाणपणाचे. तेव्हा ज्या धंद्यात जीव आहे तो आणि ज्यात नाही तो, यांची वेळेवर निवड करणे हे चांगल्या नादारी कायद्याचे पहिले काम होय.

येथे कोणी विचारील की, उभारणीत सर्वांचाच फायदा असेल तर घेणेकरी आपसांत समजुतीने का वागत नाहीत? कायदा कशाला हवा? याचे उत्तर असे की, प्रत्येकास दुसऱ्याची भीती असते. मी थांबलो आणि शेजारच्या घेणेकऱ्याने जप्ती आणली, तर मी बुडालो. म्हणून कोणीच थांबत नाही. ही भीती काढण्यासाठी कायद्याने तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, ठराविक मुदतीपुरती सर्व वसुलीस स्थगिती. दुसरी, बहुसंख्य घेणेकऱ्यांनी मान्य केलेली योजना उरलेल्यांवरही बंधनकारक. तिसरी, योजनेप्रमाणे प्रामाणिकपणे फेड केल्यावर उरलेल्या देण्यातून मुक्ती. स्थगिती, बंधन आणि मुक्ती या तीन कसोट्यांवर आपण आजवरचे कायदे पारखून पाहू.

सुपे, १८७५

जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपा. पुणे जिल्ह्यात याच नावाशी मिळतेजुळते सुपे हे गाव आहे. आपल्या सुप्याशी त्याचा संबंध नाही. पण कर्जकायद्याच्या इतिहासात ते प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी १८६५ नंतर ओसरली, सारा वाढला आणि दख्खनचा शेतकरी सावकारी पाशात अडकला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तो पसरला. लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. कोर्टात ज्या कागदापुढे आपले काही चालत नाही तो कागदच नाहीसा करावा, असा त्यामागील विचार होता.

चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्यास पैशाच्या हुकूमनाम्यापायी तुरुंगात टाकणे या कायद्याने बंद केले. न्यायाधीशाने नुसता रोखा न पाहता मूळ व्यवहार उकरून पाहावा, फेडीस हप्ते बांधून द्यावे, आणि खास गहाण टाकल्याखेरीज जमीन विकू नये, असे ठरले. पन्नास रुपयांपासून पुढे देणे असलेल्या शेतकऱ्यास नादारीचा अर्ज करण्याची सोयही त्यात होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम पाहिले होते.

या कायद्याचा एक धडा मात्र विसरता कामा नये. कोर्ट रोख्याच्या मागे जाते असे दिसताच पुष्कळ सावकारांनी कर्ज देताना गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. कागदावर विक्री, व्यवहारात कर्ज. ऋणकोस दिलेले संरक्षण धनकोस अविश्वासाचे वाटले, तर कर्ज मिळणेच कठीण होते किंवा अधिक जाचक वाटेने मिळते. तात्पर्य, कायदा दोघांनाही पटावा लागतो.

१९२० चा कायदा

यानंतर व्यापारी व इतर माणसांसाठी दोन कायदे झाले. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९ चा, आणि बाकीच्या मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. आपला कारवार जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. तेव्हा येथे लागू झाला तो १९२० चा.

आपल्या तीन कसोट्या यास लावून पाहा. ५०० रुपये किंवा अधिक देणे असलेला मनुष्य जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो. त्यास नादार ठरविल्यावर विनातारण घेणेकऱ्यांच्या वसुलीस आळा बसतो. पण तारण घेऊन बसलेल्या धनकोचा हात मोकळाच राहतो. संख्येने अर्ध्याहून अधिक आणि रकमेने तीन चतुर्थांश घेणेकऱ्यांनी तडजोडीची योजना मान्य केली आणि न्यायालयाने तिला संमती दिली, तर ती सर्वांवर बंधनकारक होते. मुक्तीही आहे, मात्र मालमत्तेतून रुपयास आठ आणे निघत नसतील तर, आपला दोष नव्हता हे पटविल्यावाचून, पूर्ण मुक्ती मिळत नाही.

म्हणजे बी या कायद्यात आहे. पण त्याची सगळी रचना मालमत्ता ताब्यात घेऊन वाटून देण्याची आहे. नादार ठरताच मालमत्ता न्यायालयाकडे अथवा रिसिव्हरकडे जाते. ज्याची गिरणीच रिसिव्हरकडे गेली, त्याने दळण दळावे कशावर? शिवाय 'नादार' हा शिक्का बसतो आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुकीसही तो आड येतो. म्हणून या वाटेने जाण्यास कोणी धजत नाही.

कंपन्यांसाठी नवी वाट

स्वातंत्र्यानंतर मोठ्या उद्योगांचे आजारपण सरकारच्या नजरेस आले. १९८५ साली आजारी औद्योगिक कंपन्यांचा कायदा झाला व १९८७ पासून त्याखालील मंडळ काम करू लागले. परंतु लघुउद्योग त्यातून वगळलेले होते. २०१६ साली हा कायदा मावळला आणि त्याच वर्षी नादारी व दिवाळखोरी संहिता आली. कंपन्यांविषयीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. थकबाकीदार कंपनीचा कारभार तज्ज्ञ व्यक्तीकडे जातो, वसुलीस स्थगिती मिळते आणि १८० दिवसांत, वाढवून २७० दिवसांत, योजना ठरावी अशी मूळ कल्पना होती. २०१९ च्या दुरुस्तीने कोर्टकचेरीचा काळ धरून ३३० दिवसांची मर्यादा घातली. २४ मार्च २०२० रोजी अर्जासाठी लागणाऱ्या थकबाकीची किमान रक्कम १ लाखावरून १ कोटी रुपये करण्यात आली.

एप्रिल २०२१ मध्ये लहान व मध्यम कंपन्यांसाठी एक सुटसुटीत प्रक्रिया आली. तीत मालक व मुख्य घेणेकरी आधी आपसांत बोलणी करतात आणि मग न्यायाधिकरणापुढे जातात. थकबाकी किमान १० लाखांची हवी. कारभार मालकाकडेच राहतो. कर्ज देणाऱ्यांपैकी रकमेने ६६ टक्क्यांची संमती लागते आणि सर्व काम १२० दिवसांत उरकावयाचे असते. विचार योग्य होता. प्रत्यक्षात फारच थोडी प्रकरणे या वाटेने गेली.

आणि या वाटेवर पाटी आहे ती कंपनीची. आपल्या देशातील बहुतेक लहान धंदे कंपन्या नाहीतच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात सुमारे ६ कोटी ३४ लाख सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग होते, आणि त्यांपैकी जवळजवळ ९६ टक्के एकमालकी होते. एकमालकी धंद्यात धंद्याचे कर्ज व माणसाचे कर्ज वेगळे नसते. दुकान बुडाले म्हणजे माणूसच बुडाला.

संहितेचा तिसरा भाग अशा व्यक्तींसाठी व भागीदारी पेढ्यांसाठीच लिहिला होता. त्यात फेडीची योजना आहे, आणि अगदी गरीब ऋणकोसाठी 'नवी सुरुवात' नावाची सोयही आहे. परंतु तिच्या अटी पाहा. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, पात्र कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नसावे. ज्याच्याकडे एक शिवणयंत्र, एक दुचाकी आणि बापजाद्यांची दोन खोल्यांची जागा आहे तो यात बसत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की, कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. सामान्य एकमालकी धंदेवाल्यास मात्र तो २०२५ सालापर्यंतही लागू झालेला नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत आलेले दुरुस्ती विधेयकही मुख्यतः कंपन्यांच्याच प्रक्रियेविषयी होते. परिणामी किराणा दुकानदाराच्या वाट्यास तो जुना १९२० चा कायदाच राहिला.

अमेरिकेतील प्रयोग

अमेरिकेतील १९७८ च्या दिवाळखोरी संहितेत पुनर्रचनेचे अकरावे प्रकरण प्रसिद्ध आहे. परंतु ते मोठ्या कंपन्यांना परवडे. लहान धंदा वकिलांच्या खर्चानेच खचे. म्हणून २०१९ साली लहान धंद्यांसाठी वेगळा कायदा करण्यात आला व १९ फेब्रुवारी २०२० पासून तो अमलात आला. पुढच्याच महिन्यात कोविडची साथ आली, त्यामुळे सुमारे २७ लाख डॉलरची कर्जमर्यादा तात्पुरती ७५ लाखांवर नेण्यात आली. जून २०२४ मध्ये ती पुन्हा सुमारे ३० लाखांवर आली.

त्यातील चार गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. मालक धंदा चालवीत राहतो. योजना मांडण्याचा अधिकार त्याचाच, आणि ती ९० दिवसांत मांडावी लागते. एक नेमलेला मध्यस्थ दोन्ही बाजूंस एकत्र आणतो. आणि योजना न्याय्य असून मालक तीन ते पाच वर्षांची आपली शिल्लक कमाई घेणेकऱ्यांना देण्यास तयार असेल, तर त्यांनी संमती दिली नाही तरी न्यायालय योजना मंजूर करू शकते. मुख्य म्हणजे हा कायदा कंपनीपुरता नाही. धंदा करणाऱ्या एकट्या व्यक्तीसही तो खुला आहे.

आज हाती काय आहे?

कायदा बदलेपर्यंत थांबून चालणार नाही. आज उपलब्ध असलेली, पण फार थोड्यांना ठाऊक असलेली एक वाट येथे नोंदवतो. केंद्र सरकारच्या मे २०१५ च्या अधिसूचनेनुसार व रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०१६ च्या सूचनांनुसार, २५ कोटींपर्यंत कर्ज असलेल्या लहान उद्योगाचे खाते अडचणीत येऊ लागताच बँकेने त्याची दखल घेऊन सुधारणा, पुनर्रचना किंवा वसुली यांपैकी योग्य मार्ग ठरवावयाचा असतो. उद्योजक स्वतःही तसा अर्ज करू शकतो. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खाते बुडीत वर्गात जाते. म्हणून त्यापूर्वीच गेले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजीच्या निकालात ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले. परंतु उद्योजकानेही वेळेत पुढे येऊन कागदपत्रांसह आपली ओळख पटवावी, असेही बजावले. उद्यम नोंदणीचा कागद आणि दोन वर्षांचा हिशेब हाताशी असणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरे, दिवाणी कायद्याने स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कपडे, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे यांवर जप्ती येत नाही. ऐपत नसलेल्या माणसास केवळ देणे फेडले नाही म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच स्पष्ट केले आहे. कर्नाटकात २०२५ साली सूक्ष्म कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्धही कायदा झाला असून त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे सर्व आधाराचे आहे. पण यातील एकही गोष्ट आपल्या तिन्ही कसोट्यांना उतरत नाही. बँकेची पुनर्रचना बँकेपुरती. उधारी देणारा व भिशीवाला त्यात येत नाहीत. छळ थांबला, तरी देणे उरतेच.

सुधारणा कोणती हवी?

वरील विवेचनावरून सुधारणेची दिशा अशी दिसते.

पहिली गोष्ट, जागा. संहितेप्रमाणे व्यक्तीच्या नादारीचे काम कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे आहे, आणि आपल्या राज्यात ते बेंगळूरला आहे. जोयड्याहून ते सुमारे पाचशे किलोमीटर. ज्याच्याकडे हप्त्याचे पैसे नाहीत तो प्रत्येक तारखेस बेंगळूर कसे गाठणार? निदान लहान रकमांचे काम तालुका वा जिल्हा न्यायालयातच चालले पाहिजे, आणि कागदपत्रे त्यास समजणाऱ्या भाषेत हवीत.

दुसरी, वेळ. अर्ज करताच अल्प मुदतीची स्थगिती मिळावी आणि ती तारणवाल्या धनकोसही लागू असावी. मात्र ती अनिश्चित काळ लोंबकळू नये.

तिसरी, ताबा. धंदा मालकाच्या हाती राहावा. त्याच्यावर देखरेख ठेवण्यास व हिशेब तपासण्यास कमी खर्चाचा मध्यस्थ असावा. मालमत्ता दडविणाऱ्यास मात्र या सवलतीचा लाभ मुळीच मिळू नये.

चौथी, सर्वांचा समावेश. बँक, पतसंस्था, मालाची उधारी, हातउसने, हे सर्व एकाच योजनेत यावे. जामीनदाराचाही विचार व्हावा. कारण कायद्याने त्याची जबाबदारी सामान्यतः मूळ ऋणकोइतकीच असते, आणि आपल्याकडे जामीनदार म्हणजे बहुधा मेहुणा नाहीतर शेजारी.

पाचवी, मुक्ती. तीन ते पाच वर्षे ठरल्याप्रमाणे फेड केली की उरलेले देणे संपावे. आपल्या धर्मशास्त्रातील दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये असे बंधन घातले होते. कर्जास कोठेतरी शेवट असावा, ही कल्पना आपल्यास परकी नाही.

यावर आक्षेप येईल की, अशाने लोक कर्ज बुडवावयास शिकतील. आक्षेप टाकाऊ नाही. १८७९ चा अनुभव वर आलाच आहे. परंतु येथे मागणी माफीची नाही, मुदतीची आहे. सरसकट कर्जमाफीत फेडणारा व बुडविणारा एकाच मापाने मोजला जातो. पुनर्रचनेत प्रत्येकाचा हिशेब वेगळा पाहिला जातो, कमाई घेणेकऱ्यांकडे जाते आणि विक्रीतून मिळाले असते त्याहून कमी कोणास मिळू नये ही अट घालता येते.

सुपा गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले आणि विस्थापितांनी रामनगरला पुन्हा घरे-दुकाने उभी केली. बुडणे म्हणजे शेवट नव्हे, हे आपल्या तालुक्यास पुस्तकातून शिकावयाचे कारण नाही. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, घरच्या दुकानाची वही कधीतरी उघडून पाहा. कोणाचे किती देणे आहे, महिन्यास शिल्लक किती पडते, एवढे दोनच आकडे काढा. ते जुळत नसतील तर वडिलांशी लाज न बाळगता बोला आणि त्यांच्याबरोबर बँकेत जा. सरकारने कायदा करावयाचा तेव्हा करावा, पण दिवसा दिवा लावण्याची पाळी येण्यापूर्वी हिशेब मांडणे आपल्या हाती आहे.